कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाला धर्मादाय मदतीने परदेशी नेताना: सोलापूरच्या पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मुलाच्या कण्याची मोठी शस्त्रक्रिया परदेशातील एखाद्या धर्मादाय संस्थेच्या खर्चाने होऊ शकते, हे कळले की आपल्याकडची बहुतेक कुटुंबे आधी मदतीचे आवाहन काढतात, मग पासपोर्टच्या मागे लागतात आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरांना विचारतात की नेमकी कोणती शस्त्रक्रिया करायची आहे. हा क्रम उलटा आहे. त्यामुळे पैसे जमूनही अर्ज नाकारला जातो, किंवा मूल शस्त्रक्रिया होऊन परत येते तेव्हा त्याच्या पाठीत काय बसवले आहे हे जाणणारा एकही डॉक्टर जवळपास नसतो. खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नये. एखादा टप्पा अपुरा राहिला असेल, तर तो पूर्ण होईपर्यंत पुढच्या टप्प्यावर खर्च करू नये.

टप्पा १: आजाराचे नाव आणि मोजमाप पक्के करणे

"पाठीला बाक आहे" किंवा "कुबड आले आहे" एवढ्यावर कोणतीही संस्था निर्णय घेऊ शकत नाही. जन्मतःच मणके अर्धवट घडलेले असणे, स्नायूंच्या किंवा मज्जातंतूंच्या आजारामुळे कणा ढळणे, ठरावीक कारण न सापडता वाढत्या वयात येणारा बाक, स्पाइना बिफिडा (गर्भात मज्जारज्जूभोवतीचे मणके नीट न मिटणे) आणि मणक्यांच्या क्षयरोगामुळे आलेले कुबड हे पाच वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. क्षयरोगाची शक्यता असेल, तर आधी त्याची तपासणी आणि औषधोपचार व्हायला हवेत.

बाकाचे माप कॉब कोनात, म्हणजे एक्स-रेवर बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या मणक्यांमध्ये मोजलेल्या कोनात, सांगतात. हा कोन १० अंश किंवा त्याहून अधिक असला तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या वयात साधारण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान ब्रेसचा (पाठीला बाहेरून आधार देणाऱ्या साच्याचा) विचार होतो आणि ४५-५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते, पण हे आकडे प्रामुख्याने कारण न सापडलेल्या बाकासाठी आहेत. जन्मजात दोषात ब्रेसचा उपयोग फारसा होत नाही आणि तिथे निर्णय मणक्यांच्या घडणीवरून व वाढीच्या वेगावरून घेतात. मोजणाऱ्यानुसार कोनात ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून गेल्या वेळी ४२ आणि या वेळी ४६ आले एवढ्यावरून घाबरून जाऊ नये. दोन्ही एक्स-रे एकाच तज्ज्ञाकडून शेजारीशेजारी ठेवून मोजून घ्यावेत.

मान ते कंबर अखंड दिसेल असा, मुलाला उभे करून (उभे राहता येत नसल्यास बसवून) समोरून आणि बाजूने काढलेला एक्स-रे हा पाया आहे. झोपवून काढलेल्या एक्स-रेत बाक कमी दिसतो. जन्मजात दोष असेल तर संपूर्ण कण्याचा एमआरआय, हृदयाचा टूडी-इको आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी आवश्यक असते, कारण गर्भात हे अवयव आणि मणके एकाच काळात घडतात व दोष अनेकदा सोबत येतात.

इशारा: मूल चालताना अलीकडे अडखळू लागले असेल, पायांतील ताकद कमी झाली असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर परदेशाची, संस्थेची किंवा कोणत्याही पत्राची वाट पाहू नये. ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

टप्पा २: ही शस्त्रक्रिया भारतात होते का, याचे लेखी उत्तर मिळवणे

माझे मत स्पष्ट आहे: बहुतेक मुलांची कण्याची शस्त्रक्रिया भारतातच चांगली होऊ शकते आणि तिथेच ती करावी. विमानप्रवास, परकी भाषा, कुटुंबाची महिनोन्महिने ताटातूट आणि पुढील तपासण्यांची अडचण ही किंमत मूल मोजत असते. म्हणून परदेशाचा विचार करण्यापूर्वी मुलांच्या कण्याचे काम नियमित करणाऱ्या दोन वेगवेगळ्या केंद्रांची मते घ्यावीत. पुण्या-मुंबईतील मोठी अस्थिरोग रुग्णालये, मुंबईतील केईएम आणि वाडिया, वेल्लोरचे सीएमसी, दिल्लीतील एम्स आणि इंडियन स्पाइनल इंजुरीज सेंटर अशा ठिकाणी हे मत मिळू शकते. एकाच डॉक्टरांनी सुचवलेल्या त्यांच्याच परिचितांकडे दुसरे मत घेण्याने फारसे काही साधत नाही.

याच टप्प्यावर देशातील मदतीचे मार्ग तपासून संपवावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र ते फक्त योजनेतील रुग्णालयांत मिळते. परदेशातील उपचारांना ते लागू नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक प्रमाणे राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. अंगणवाडी व शासकीय, अनुदानित शाळांतील मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून १८ वर्षांपर्यंत तपासणी व पुढील संदर्भसेवा मिळते. त्या पथकाची चिठ्ठी असल्यास जिल्हा पातळीवरील काम बरेच सोपे होते.

मग परदेश कोणासाठी? अतिशय मोठा आणि ताठर झालेला बाक, आधी फसलेली शस्त्रक्रिया, डोक्याला कडे लावून कित्येक आठवडे हळूहळू ताण देत कणा सरळ करण्याची गरज (यालाच हॅलो ट्रॅक्शन म्हणतात), किंवा इथल्या तज्ज्ञांनी स्वतःहून "आमच्यापेक्षा अमुक केंद्रात याचा अनुभव अधिक आहे" असे लिहून देणे, ही सबळ कारणे आहेत. नातेवाईक तिकडे राहतात, हे कारण सबळ नाही.

तपासा: दोन्ही केंद्रांच्या पत्रांत निदान, कोन, सुचवलेली शस्त्रक्रिया, धोका आणि "ती इथे का शक्य नाही किंवा का योग्य नाही" हे वाक्य आहे का? परदेशी संस्था सर्वात आधी हेच विचारते. तोंडी सांगितलेले मत फाईलमध्ये लावता येत नाही.

टप्पा ३: परत आल्यावर मूल कोण पाहणार, हे आधी ठरवणे

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. दहा वर्षांखालील मुलाचा कणा थेट जोडून टाकला, तर छातीची उंची वाढत नाही आणि फुफ्फुसांना वाढायला जागा उरत नाही. म्हणून त्या वयात बहुधा मुलासोबत लांब करता येणाऱ्या सळ्या बसवतात. जुन्या पद्धतीच्या सळ्या साधारण दर सहा महिन्यांनी छोटी शस्त्रक्रिया करून वाढवाव्या लागतात. चुंबकावर चालणाऱ्या सळ्या बाहेरून यंत्र लावून वाढवता येतात, पण ते यंत्र आणि ते वापरणारा डॉक्टर आपल्या आवाक्यात असायला हवा. म्हणजे परदेशातली शस्त्रक्रिया ही अनेक वर्षांच्या उपचारांची सुरुवात असते आणि उरलेले सगळे पुण्यात, मुंबईत किंवा हैदराबादेत व्हायचे असते.

म्हणून पुढील जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या शल्यविशारदांचे पत्र आधी मिळवावे आणि त्यांना परदेशी डॉक्टरांशी ईमेलने जोडून द्यावे. त्यांनी विचारायचे दोन प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. बसवले जाणारे स्क्रू आणि सळ्या कोणत्या कंपनीच्या, कोणत्या प्रणालीच्या आहेत? आणि ते काढण्याची किंवा बदलण्याची वेळ आली तर त्याची खास अवजारे भारतात मिळतात का? एका प्रणालीचा स्क्रू दुसऱ्या प्रणालीच्या अवजाराने नीट निघत नाही, आणि हे ऑपरेशन टेबलावर कळून उपयोग नसतो.

इशारा: असे पत्र द्यायला कोणीच तयार नसेल, तर परदेशी जाणे थांबवावे. हा निर्णय कठीण वाटतो, पण मुलाच्या हिताचा तोच आहे.

टप्पा ४: फाईल तयार करणे

फाईलचे पहिले पान एकाच पानाचा सारांश असावे: मुलाची जन्मतारीख, वजन, उंची, बसल्यावरची उंची, निदान, कोनांची तारखांसह नोंद, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधे (व्यापारी नावासोबत मूळ औषधाचे नाव), ॲलर्जी, चालण्याची व श्वासाची स्थिती. हे पान उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून सही-शिक्क्यासह द्यावे. त्यामागे दोन्ही केंद्रांची पत्रे, डिस्चार्ज कार्डे, फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी, रक्ततपासण्या आणि लसीकरण कार्ड तारीखवार लावावे.

एक्स-रे, सीटी आणि एमआरआय सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम (DICOM, वैद्यकीय चित्रांचे मूळ डिजिटल) स्वरूपात मागून घ्यावेत. खिडकीच्या काचेवर फिल्म धरून मोबाइलवर काढलेल्या फोटोतून कोन मोजता येत नाही. अर्ज लांबण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. निदान केंद्रे जुनी चित्रे कायम ठेवत नाहीत, त्यामुळे सीडी त्याच दिवशी मागावी आणि घरी संगणकावर उघडते का ते पाहावे.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाकडून सेतूमार्फत किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढावा. यंत्रमागावर किंवा विडी कारखान्यात काम करणाऱ्या कुटुंबांकडे पगाराची पावती नसते. त्यांनी दाखल्यासोबत रेशन कार्ड, कामगार ओळखपत्र आणि बँकेच्या पासबुकाच्या प्रती जोडाव्यात. सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्र मिळण्याइतकी अडचण असेल तर तेही आताच काढून ठेवावे. मराठीतील प्रत्येक कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते.

तपासा: मुलाचे आणि आई-वडिलांचे नाव जन्मदाखला, आधार, केस पेपर आणि शाळेच्या नोंदीत एकाच स्पेलिंगने आहे का? तेलुगू आणि कन्नड आडनावांत, तसेच वडिलांचे नाव मध्ये लिहिण्याच्या आपल्या पद्धतीत, इथे फार गोंधळ होतो. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती पासपोर्टच्या आधी करावी.

टप्पा ५: संस्थेकडे अर्ज आणि "मोफत" या शब्दाचा अर्थ

संस्था वेगवेगळ्या प्रकारच्या असतात. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत रुग्णालये असलेली श्राइनर्स ही १९२२ पासून मुलांच्या अस्थिरोगांवर काम करणारी संस्था १८ वर्षांखालील मुलांना कुटुंबाची ऐपत न पाहता उपचार देते. घानातील अक्रा येथे डॉ. ओहेनेबा बोआची-अजेई यांनी उभारलेले फोकोस (FOCOS) रुग्णालय हे कण्याच्या अतिशय गुंतागुंतीच्या बाकांसाठी आणि हॅलो ट्रॅक्शनसाठी ओळखले जाते. चांगला उपचार म्हणजे युरोप-अमेरिका, ही समजूत या क्षेत्रात तरी सोडून द्यावी. अर्ज थेट संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून करावा आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त ठिकाणी करू नये. प्रत्येक संस्थेला दुसऱ्या अर्जाची माहिती प्रामाणिकपणे द्यावी.

तत्त्वतः स्वीकार झाल्यावर खालील प्रत्येक बाबीचा खर्च कोण करणार, हे ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे.

१. शस्त्रक्रिया, भूल, प्रत्यारोपित साहित्य, रक्त आणि शस्त्रक्रियेदरम्यान मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारी यंत्रणा.
२. अतिदक्षता विभागातील मुक्काम अपेक्षेपेक्षा लांबला तर त्याचा खर्च.
३. जंतुसंसर्ग झाला, स्क्रू सुटला किंवा दुसरी शस्त्रक्रिया लागली तर ती, आणि किती काळापर्यंत.
४. विमानभाडे, तिथला प्रवास, एका की दोन पालकांचा निवास व जेवण.
५. ब्रेस, व्हीलचेअर, औषधे आणि फिजिओथेरपी.
६. मुलाचा मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्याचा खर्च. हा प्रश्न विचारताना कोणाही आई-बापाचा हात थरथरेल, तरी तो विचारावा. उत्तर आधी माहीत असलेल्या कुटुंबावर त्या घडीला कर्जाचा डोंगर कोसळत नाही.

अनेकदा रुग्णालयातील उपचार पूर्ण मोफत असतात, पण प्रवास, निवास आणि लांबलेला मुक्काम कुटुंबाकडे राहतो. अमेरिकेतील बऱ्याच बालरुग्णालयांजवळ रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउसमध्ये अल्प दरात किंवा मोफत राहता येते. त्याची नोंदणी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत करावी.

इशारा: "परदेशी ट्रस्टची मंजुरी आणून देतो" म्हणत नोंदणी शुल्क मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये आणि मूळ कागद हातात देऊ नयेत.

टप्पा ६: उरलेला पैसा आणि त्याचे नियम

इथपर्यंत आल्यावरच लोकांकडे मदत मागावी, कारण आता किती आणि कशासाठी हे नेमके सांगता येते. रक्कम शक्यतो देणगीदाराने थेट रुग्णालयाला किंवा विमान कंपनीला द्यावी. पालकाच्या खात्यात नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम आली, तर ती करपात्र ठरू शकते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने दिलेल्या मदतीला सवलत आहे. सनदी लेखापालांचा सल्ला आधीच घ्यावा.

परदेशातून येणाऱ्या देणगीबाबत तर चूक हमखास होते. गल्लीतील मंडळ किंवा समाजाचा ट्रस्ट परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदलेला नसेल, तर तो परदेशी देणगी स्वीकारू शकत नाही, आणि नोंदलेल्या संस्थेचे त्यासाठीचे खाते दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच असावे लागते. परदेशात राहणारा भारतीय नागरिक "परदेशी स्रोत" ठरत नाही, पण तिकडचे नागरिकत्व घेतलेला परिचित ठरतो. पालक सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असतील, तर परदेशी संस्थेच्या खर्चाने प्रवास-मुक्काम स्वीकारण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागू शकते. आपल्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.

इथून परदेशी रक्कम पाठवायची असल्यास रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत मुभा आहे. त्यासाठी पॅन आणि बँकेचा ए-२ अर्ज लागतो. मोठ्या रकमेवर बँक उगमस्थानी कर गोळा करते, तो हिशोबात धरावा.

टप्पा ७: पासपोर्ट आणि व्हिसा

सोलापूरच्या टपाल कार्यालयातील पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करता येतो. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांसाठी किंवा १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो, आणि दोन्ही पालकांची संमती लागते. एकच पालक असल्यास किंवा दुसऱ्याचा पत्ता नसल्यास वेगळे घोषणापत्र आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आई आणि वडील दोघांचेही पासपोर्ट काढून ठेवावेत, कारण एक जण आजारी पडला तर दुसऱ्याला ऐन वेळी जावे लागते.

अमेरिकेच्या वैद्यकीय कारणासाठीच्या बी-२ व्हिसाला इथल्या डॉक्टरांचे निदानपत्र, तिथल्या रुग्णालयाचे उपचार, कालावधी व खर्च सांगणारे स्वीकृतिपत्र आणि सर्व खर्च कोण करणार याचा पुरावा लागतो. घानासाठी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस सक्तीची आहे. ती शासनमान्य निवडक केंद्रांतच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते, आणि ते नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात राहावे लागू शकते.

इशारा: व्हिसा हातात येण्यापूर्वी परत न मिळणारी तिकिटे काढू नयेत.

टप्पा ८: मुलाची तयारी

ही तयारी चौथ्या टप्प्यापासूनच समांतर सुरू करावी. अशक्त मुलाची जखम भरायला वेळ लागतो, म्हणून वजन आणि हिमोग्लोबिन आहारतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वाढवावे. किडलेले दात, त्वचेवरचे फोड आणि मूत्रसंसर्ग आधी बरे करावेत, कारण तिथून आलेले जंतू धातूवर बसले तर साहित्य काढून टाकण्याची वेळ येते. स्पाइना बिफिडा असलेल्या मुलांत लॅटेक्सची ॲलर्जी जास्त आढळते. ती शंका असल्यास फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहावी. ब्रेस चालू असेल तर सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात तो काढून ठेवण्याचा मोह होतो. आत सुती बनियन घालावी, घामोळ्यांसाठी डॉक्टरांना विचारावे, पण तास कमी करू नयेत.

मुलाला खरे सांगावे: पाठीत सळ्या बसतील, काही दिवस दुखेल, आई किंवा बाबा जवळ असतील. "फिरायला चाललो आहोत" असे सांगितलेले मूल रुग्णालयात पालकांवरचा विश्वास गमावते.

विमान कंपनीचा वैद्यकीय माहितीचा अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा आणि व्हीलचेअर आधी नोंदवावी. औषधे हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह ठेवावीत.

टप्पा ९: परदेशी रुग्णालयात

दुभाषी मागताना आईला खरोखर समजणारी भाषा सांगावी. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक आईसाठी हिंदी दुभाषी पुरेसा नाही. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी अर्धांगवायूचा धोका, रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता या चार गोष्टी आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगून दाखवाव्यात. चुकले असेल तर ते तिथेच दुरुस्त करतील.

तपासा, सुटी होण्यापूर्वी: शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणी, बसवलेल्या साहित्याचे कार्ड, शस्त्रक्रियेआधीचे व नंतरचे डायकॉम एक्स-रे, विमानप्रवासाला हरकत नसल्याचे पत्र आणि पुढील तपासण्यांचे वेळापत्रक हातात आहे का? यांतला एकही कागद मागाहून पाठवतो म्हटल्यास निघण्याआधी मिळवावा.

टप्पा १०: परतल्यानंतर

सोलापूरला घरी येण्यापूर्वी टप्पा ३ मधील शल्यविशारदांकडे मुलाला दाखवावे, म्हणजे पहिली तपासणी व जखमेची नोंद तिथेच होते. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढती वेदना, पायांत नवी मुंग्या-बधिरता किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी संपर्क साधावा. गावातल्या दवाखान्यात परस्पर प्रतिजैविक सुरू करू नये, कारण त्याने खोलवरचा संसर्ग झाकला जातो आणि निदान उशिरा होते.

शाळेला डॉक्टरांचे पत्र द्यावे: दप्तर किती वजनाचे, शारीरिक शिक्षणाच्या तासाला काय चालेल, रिक्षाऐवजी कोणते वाहन, बाकावर किती वेळ सलग बसायचे. मुख्याध्यापकांशी एकदा समोर बसून बोलल्यास वर्गशिक्षकही लक्ष ठेवतात. ठरलेल्या प्रत्येक एक्स-रेची डायकॉम प्रत परदेशी चमूला तारखेसह पाठवून पोच मागावी आणि ती पोच फाईलमध्ये त्या एक्स-रेच्या मागे लावावी. पुढची शस्त्रक्रिया पुण्यात करायची की पुन्हा तिकडे, हे ठरवताना दोन्ही डॉक्टर याच नोंदी पाहतात.